डोळ्याच्या खोबणीचं मोजमाप: सीटी स्कॅनला येण्याआधी वाचा

बैलाचं शिंग लागलं, फटफटीवरून तोंडावर पडले, कबड्डीत कोपर बसलं. डोळ्याभोवतीचं हाड मोडलेले रुग्ण आमच्या सेंटरवर असेच येतात. सोबतच्या माणसांचा प्रश्नही ठरलेला: "एक्स-रे काढला ना, मग सीटी कशाले?"

डोळा ज्या खोबणीत बसतो तिची कड जाड असते, पण तळ आणि नाकाकडची भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी. बहुतेक ठिकाणी जेमतेम अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. मार बसला की कड शाबूत राहून तळ फुटू शकतो, आणि साध्या एक्स-रेत ते अनेकदा दिसतच नाही.

मोठ्या माणसाच्या खोबणीत साधारण ३० मिलिलिटर जागा असते. तळ खचला की ती वाढते, डोळ्याभोवतीची चरबी खाली उतरते आणि डोळा आत जातो. ढोबळ हिशेब असा: जागा १ मिलिलिटर वाढली की डोळा सुमारे १ मिलिमीटर मागे सरकतो. २ मिलिमीटरच्या पुढे फरक चारचौघांना दिसू लागतो. पण सूज असेपर्यंत यातलं काहीच कळत नाही. सूज उतरून डोळा आत गेलेला दिसेपर्यंत आतलं सगळं जागच्या जागी घट्ट धरायला लागलेलं असतं, आणि उशिराचं ऑपरेशन अवघड जातं. म्हणून मोजमाप आधी.

मोजतो ते असं. सीटीत एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप, म्हणजे थराथराची चित्रं, घेतात. प्रत्येक कापावर खोबणीची हद्द आखून, सगळ्यांची बेरीज करून आकारमान काढतात. मग चांगल्या बाजूची आरशातली प्रतिमा करून ती मोडक्या बाजूवर ठेवतात. किती खचलं, कुठे खचलं, खचलेल्या जागी आधाराला बसवायची टायटॅनियमची जाळी केवढी आणि कशी वाकवायची, हे सर्जनला त्यावरून ठरवता येतं. दोन्ही बाजू मोडल्या असतील तर ही युक्ती चालत नाही. आणि निरोगी माणसाच्याही दोन खोबणी तंतोतंत सारख्या नसतात. रिपोर्टात थोडा फरक दिसला म्हणून घाबरू नका. ऑपरेशन करायचं की नाही, हे सर्जन ठरवतील, आम्ही नाही.

लेकराला मार लागला, डोळा वर फिरत नाही आणि उलट्या होत आहेत, तर डोळा पांढरा स्वच्छ दिसला तरी थांबू नका. फुटलेल्या हाडात स्नायू अडकलेला असू शकतो. त्याच दिवशी नागपूर किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीसारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात न्या. कुणालाही एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, गाल बधिर असेल, तर डॉक्टरांना सांगा. नाक जोरात शिंकरू नका.

हाडाच्या या स्कॅनला उपाशी यायची गरज नाही, इंजेक्शनही सहसा लागत नाही. नथ, कानातले, केसातल्या पिना घरीच काढून ठेवा. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर आधी सांगा. काही मिनिटं डोकं हलवायचं नाही, एवढंच.

सगळ्यात महत्त्वाचं: फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. फिल्म पाहायला ठीक, पण तिच्यावरून आकारमान निघत नाही. सर्जनला सीडीतला मूळ डेटाच लागतो. खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि दुसरीकडे आधीच सीटी झाला असेल तर त्याची सीडी घेऊन या. काप पुरेसे पातळ असतील तर त्यावरूनच मोजता येतं, दुसरा स्कॅन करावा लागत नाही.