जादा हार्ड डिस्क घेतलीत? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

नवी डिस्क जोडली, कॉम्प्युटर चालू केला आणि ‘धिस पीसी’मध्ये ती दिसतच नाही, म्हणून ग्राहक डिस्क परत घेऊन येतात. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. कोऱ्या डिस्कवर पार्टिशन (म्हणजे जागेचे वेगळे भाग) पाडून ती फॉरमॅट केल्याशिवाय, म्हणजे फाइली ठेवण्याजोगी तयार केल्याशिवाय, विंडोज तिला ड्राइव्हचं अक्षर देत नाही. हे काम घरच्या घरी होतं.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. डिस्क अगदी कोरी असेल तर एमबीआर हवं की जीपीटी, अशी विचारणा होईल. डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती. विंडोज १० किंवा ११ असेल तर बिनधास्त जीपीटी निवडा. एमबीआरमध्ये साधारणपणे २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही आणि मुख्य पार्टिशनही चारच पडतात.

यानंतर मात्र घाई नको. खालच्या भागात ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशा ओळी दिसतात. डिस्क ० म्हणजे जुनीच, असं धरून चालू नका. नव्या डिस्कलाही तो क्रमांक मिळू शकतो. नवी डिस्क ओळखायची ती काळ्या पट्टीवरून आणि ‘अनअलोकेटेड’ या शब्दावरून. ज्या ओळीत सी ड्राइव्ह आहे तिला हात लावायचा नाही. तरीही शंका असेल तर ओळीच्या डाव्या टोकाला राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तिथे मॉडेलचं नाव दिसतं, ते डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून पाहा.

१ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच दिसतील. आम्ही माप मारलेलं नाही! कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

आता काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ घ्या. आकार एमबीमध्ये विचारला जातो. २०० जीबी हवे असतील तर २०४८०० लिहा. फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, एनटीएफएस ठेवा. बाहेरून जोडायची डिस्क मॅकवरही वापरायची असेल तर एक्सफॅट बरं. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ अडकलाच. ‘क्विक फॉरमॅट’ची खूण नव्या डिस्कसाठी राहू द्या. सेकंडहँड डिस्क असेल तर ती खूण काढा. काही तास लागतील, पण खराब सेक्टर (डिस्कवरच्या बिघडलेल्या जागा) असतील तर कळतील.

पार्टिशन किती पाडायची? आमचं मत विचाराल तर एकच, फार तर दोन. चार-पाच पाडली की एक भरून वाहतं आणि बाकीची रिकामी पडून राहतात. आणि डी ड्राइव्हमधले फोटो ई ड्राइव्हमध्ये कॉपी केले म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. दोन्ही एकाच डिस्कवर असतील तर ती गेली की दोन्ही गेली.

एक वेगळा प्रसंग: फोटो-कागदपत्रं असलेली जुनी डिस्क जोडली आणि ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा संदेश आला, तर ‘कॅन्सल’ दाबा. फॉरमॅट नको, इंटरनेटवरून उतरवलेलं रिपेअरचं सॉफ्टवेअरही नको. कॉम्प्युटर बंद करून डिस्क काढा आणि आहे तशी दुकानात आणा.