पार्श्वभूमी : हेलिकॉप्टर चाचणी शिकवणारे इंजिनिअर

टेस्ट पायलट घडवणाऱ्या मोठ्या शाळा दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून निघाल्या. बॉस्कोम्ब डाउनची ब्रिटिश शाळा १९४३ मध्ये, पॅटक्सेंट रिव्हरची अमेरिकी नौदलाची १९४५ मध्ये आणि फ्रान्सची एपनेर १९४६ मध्ये. सिकॉर्स्कीचं आर-४ हेलिकॉप्टर युद्धातच कामाला लागलं होतं, तरी या शाळांमध्ये शिकवलं जायचं ते विमानच. पॅटक्सेंट रिव्हरच्या अभ्यासक्रमात हेलिकॉप्टर आलं १९६१ मध्ये, ब्रिटिश शाळेत १९६३ मध्ये.

उशीर होण्याचं एक कारण तांत्रिक होतं. विमानाच्या चाचणीचा पाया म्हणजे स्थिर धरलेला वेग. हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एकाच जागी थांबून राहताना, वेगच नसतो, आणि साधारण ३०-४० नॉटच्या (ताशी सागरी मैल) खाली पिटो नळीच्या, म्हणजे हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळीच्या, आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. प्रमाणपत्रासाठी तर १७ नॉटचा वारा कुठल्याही बाजूने आला तरी हेलिकॉप्टर ताब्यात राहतं हे दाखवावं लागतं. मग वारा पडलेला असताना धावपट्टीवरून ठरलेल्या वेगाने गाडी पळवायची आणि हेलिकॉप्टरने तिच्या जोडीने आडवं किंवा उलटं उडायचं, अशी पद्धत बसली. ती आजही शिकवली जाते.

इंजिनिअरचं काम तेव्हा कारकुनीचं होतं : मांडीवर पॅड, हातात स्टॉपवॉच. उपकरणांचा दुसरा संच बसवून कॅमेऱ्याने त्याचं चित्रण करायचं आणि खाली उतरल्यावर एकेक फ्रेम वाचायची. स्ट्रेन गेज (भागांवरचा ताण मोजणाऱ्या पट्ट्या) आणि टेलिमेट्री (उड्डाण चालू असतानाच आकडे रेडिओने जमिनीवर पाठवणं) आल्यावर पायलटला न दिसणारे आकडे इंजिनिअरला आधी दिसू लागले, आणि पुढच्या पॉइंटला, म्हणजे चाचणीच्या पुढच्या टप्प्याला, जायचं की नाही हे सांगणं त्याच्याकडे आलं. या मंडळींची स्वतंत्र संस्था, सोसायटी ऑफ फ्लाइट टेस्ट इंजिनिअर्स, १९६८ ची. शिक्षकाचा पेशा उभा राहिला तो या बदलातून. आकडे टिपायला शिकवण्यासाठी कुणी वेगळा शिक्षक नेमला नसता.

बांधलेल्या हॉवरचा धडा घ्या. हलक्या हेलिकॉप्टरच्या हुकाला लोड सेल (ओढ मोजणारं उपकरण), त्याखाली केबल, केबलचं दुसरं टोक जमिनीत पक्कं. रोटर जमिनीपासून दीड-दोन रोटर-व्यासांवर राहील इतकी लांबी, म्हणजे जमिनीचा परिणाम आकड्यांत येत नाही. कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, थोडं-थोडं वाढवत ताण वाढवायचा. रोटरचे फेरेही ठरलेल्या मर्यादेत बदलायचे. हेलिकॉप्टरचं वजन आणि ताण यांची बेरीज म्हणजे थ्रस्ट, रोटरची वर उचलणारी ताकद. वाळूच्या पिशव्या चढवत-उतरवत अनेक उड्डाणं करण्याऐवजी एकाच उड्डाणात थ्रस्ट आणि त्याला लागणाऱ्या शक्तीचा अख्खा आलेख मिळतो.

चुका इथेच होतात. केबल १० अंश कलली तर ताणाचा उभा भाग दीड टक्क्याने कमी भरतो. विद्यार्थी मात्र पूर्ण ताण मोजतो. म्हणून जमिनीवर दोन बाजूंना दोन माणसं केबल बघत रेडिओवर पायलटला सांगत राहतात. लोड सेलचा शून्य उड्डाणाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासायचा. इंधन सतत जळत असतं, तेव्हा प्रत्येक पॉइंटला त्याचा आकडा लिहिलाच पाहिजे. सर्वांत फसवा वारा. ३ नॉटच्या वर गेला की हॉवरला लागणारी शक्ती कमी दिसू लागते आणि आलेख खऱ्यापेक्षा देखणा येतो. देखणा आलेख आला की चांगला शिक्षक आधी वाऱ्याची नोंद मागतो.

नियंत्रणाच्या गुणांचा, म्हणजे यंत्र पायलटचं किती नीट ऐकतं याचा, इतिहास वेगळ्या वाटेने गेला. १९५२ च्या मिल-एच-८५०१ आणि १९६१ च्या ८५०१ए या अमेरिकी लष्करी मानकांत पेडल १ इंच दाबल्यावर पहिल्या सेकंदात यंत्र किती अंश वळतं, असे निकष होते. मोजायला सोपे, पण काम जमतं का हे त्यातून कळत नसे. १९६९ मध्ये कूपर आणि हार्पर यांची १ ते १० ची श्रेणी आली, यंत्र हाताळायला किती सोपं किंवा अवघड गेलं त्याचा आकडा पायलटने द्यायचा (१ सर्वांत चांगला), आणि पुढे एडीएस-३३ या अमेरिकी लष्करी मानकाने कामच निकष केलं : उदाहरणार्थ, ६ ते १० नॉटने तिरकं येऊन ५ सेकंदांत थांबायचं आणि ३० सेकंद जागेपासून ३ फूट, उंचीत २ फूट, दिशेत ५ अंश यांच्या आत राहायचं. नवा इंजिनिअर पायलटला थेट विचारतो, “किती देता?” ही चूक. आधी विचारायचं की मर्यादा पाळल्या का, कष्ट किती पडले, कुठली काठी सतत हलवावी लागली. आकडा सगळ्यात शेवटी. आधी आकडा सांगून बसलेला पायलट पुढची उत्तरं त्या आकड्याला जुळवून देतो. माणूसच तो.

युरोपात २०१५ च्या नियमाने चाचणी-उड्डाणांचे ४ वर्ग पाडले आणि प्रमुख चाचणी इंजिनिअरची पात्रताही ठरवली. त्यामुळे शाळांना अभ्यासक्रम कागदावर पक्के करावे लागले. धोक्याच्या चाचण्यांची शिकवण मात्र त्याहून जुनी आहे. ग्राउंड रेझोनन्सने, म्हणजे जमिनीवर उभ्या यंत्राच्या वाढत जाणाऱ्या थरथरीने, ऑटोजायरोंनाही (इंजिनाऐवजी वाऱ्याने रोटर फिरणाऱ्या यंत्रांनाही) ग्रासलं होतं, आणि त्याचं गणित कोलमन आणि फाइनगोल्ड यांनी १९४० च्या दशकात मांडलं. रोटरची पाती पुढे-मागे सरकून गुरुत्वमध्य गरगरू लागतो. तो ताल चाकांवर डोलणाऱ्या सांगाड्याशी जुळला की काही सेकंदांत यंत्राचे तुकडे होतात. पुरेसे फेरे असतील तर ताबडतोब हवेत उठायचं, नसतील तर कलेक्टिव्ह खाली आणि इंजिन बंद. यातलं काय करायचं हे प्रत्येक पॉइंटच्या टेस्ट कार्डावर, म्हणजे उड्डाणात सोबत न्यायच्या सूचनापत्रावर, आधीच लिहिलेलं असावं लागतं. ती ओळ रिकामी दिसली तर शिक्षक कार्ड परत करतो आणि उड्डाण त्या दिवशी होत नाही.