मुखवटा एकाचा, मात्रा सगळ्यांची

डोक्याच्या किंवा मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन द्यायचं ठरलं, तरी पहिल्या दिवशी किरण देत नाहीत. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ओढून बसवतात. काही मिनिटांत ती गार होऊन कडक होते आणि त्या एकाच माणसाच्या नाकाडोळ्यांचा साचा तयार होतो. पुढचे सहा-सात आठवडे दर वेळी किरण घेताना तो मुखवटा घालून, जराही न हलता पडून राहायचं. शरीर जागेवर ठेवण्यासाठी एवढा नेमकेपणा. पण किरण किती द्यायचे, हा हिशेब कितपत त्या माणसाचा असतो आणि कितपत सरासरीचा? उपचारांच्या आखणीत आलेली कृत्रिम बुद्धिमत्ता याच प्रश्नापाशी येऊन थांबली आहे. त्याची मुळं जुनी आहेत.

विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण 1895 च्या नोव्हेंबरात सापडले आणि पुढच्याच वर्षी डॉक्टर ते गाठींवर वापरून पाहू लागले. मोजायला साधन नव्हतं. कातडी लाल झाली की मात्रा पुरी झाली, असा अंदाज. गाठीबरोबर आजूबाजूचं अंगही भाजून निघे. यातून वाट काढली ती पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमधल्या क्लॉडियस रेगो यांनी. मेंढ्याच्या वृषणातल्या पेशी गाठीसारख्या भराभर विभागतात, म्हणून त्यांनी प्रयोग तिथे केले. एकाच दमात मात्रा दिली, तर मेंढा वंध्य होईपर्यंत वरची कातडी नष्ट होई. तीच मात्रा दिवसांच्या अंतरानं विभागून दिली, तर वंध्यत्व येई आणि कातडी वाचे. त्यांचेच सहकारी आंरी कुतार यांनी 1920 च्या दशकात घशाच्या कॅन्सरवर हीच रीत वापरली. आज रुग्णाला पस्तीस-पस्तीस वेळा यायला का सांगतात, याचं उत्तर त्या मेंढ्यांपाशी आहे.

पुढे यंत्रं सुधारली. 1951 मध्ये कॅनडात किरणोत्सारी कोबाल्टची यंत्रं आली, 1953 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात लिनिअर ॲक्सिलरेटर हे विजेवर जोरकस क्ष-किरण तयार करणारं यंत्र सुरू झालं. किरण खोल पोहोचू लागले, पण आखणी तशी आंधळीच होती. मऊ तार अंगाभोवती दाबून शरीराची कड कागदावर उतरवायची, त्यावर मात्रेच्या रेषांचे तयार तक्ते ठेवायचे आणि हातानं बेरजा करायच्या. 1971 मध्ये सीटी स्कॅनवर पहिला रुग्ण तपासला गेला, तेव्हा कुठे गाठ आणि तिचे शेजारी एकत्र दिसायची सोय झाली.

खरी उलथापालथ मला पुढच्या टप्प्यात दिसते. किरण कुठून सोडायचे ते आधी ठरवून मग परिणाम पाहायचा, ही जुनी पद्धत. स्वीडनच्या अँडर्स ब्राहमे यांनी 1980 च्या दशकात गणित उलटं मांडलं: कुठे किती मात्रा हवी ते आधी सांगा, किरण कसे सोडायचे ते संगणक शोधेल. त्यातून आलेल्या आयएमआरटी पद्धतीत मात्रेला गाठीचा आकार देता येतो आणि लाळग्रंथी वगळता येतात. लाळ आटते म्हणजे काय, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ती ग्रंथी किती मोलाची ते ठाऊक आहे: प्रत्येक घासाला पाण्याचा घोट, रात्री जीभ टाळूला चिकटून मोडणारी झोप. ब्रिटनमधल्या एका चाचणीत (2011) तोंड कोरडं पडण्याचा ठळक त्रास वर्षभरानंतर जुन्या पद्धतीच्या 74 टक्के रुग्णांना होता, आयएमआरटी घेतलेल्या 38 टक्क्यांना.

पण ग्रंथी वगळायची, तर ती कुठे आहे ते संगणकाला दाखवावं लागतं. स्कॅनच्या दर दोन-तीन मिलिमीटरच्या कापावर डॉक्टर माउसनं कड आखतो: मज्जारज्जू, जबडा, स्वरयंत्र, दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथी, आणि गाठ. यात तास जातात. शिवाय दोन अनुभवी डॉक्टरांच्या रेषा एकाच स्कॅनवरही तंतोतंत जुळत नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्ता शिरली ती इथून. 2015 मध्ये जर्मनीच्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून 'यू-नेट' हे वैद्यकीय प्रतिमांतले भाग वेगळे काढणारं न्यूरल नेटवर्क, म्हणजे नमुने पाहून शिकणारी संगणक प्रणाली, आलं, आणि त्या धाटणीच्या प्रणाली आखणीला जुंपल्या गेल्या. 2023 मध्ये सरकारी आरोग्यसेवेत काय वापरावं हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं अशा नऊ प्रणाली वापरायला मान्यता दिली, मात्र प्रत्येक रेषा जाणत्या माणसानं तपासलीच पाहिजे या अटीवर.

मात्रेची मांडणीही यंत्र शिकलं. टोरांटोतल्या संशोधकांचा प्रोस्टेट कॅन्सरवरचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राची आणि माणसाची, अशा दोन योजना डॉक्टरांपुढे नाव झाकून ठेवल्या. 72 टक्के वेळा यंत्राची निवडली गेली आणि सगळ्या प्रक्रियेचा वेळ 118 तासांवरून 47 वर आला. त्यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. जुन्या रुग्णांच्या नोंदींवर सराव होता तोवर यंत्राची योजना 83 टक्के वेळा निवडली गेली. निवडलेली योजना खऱ्या रुग्णाला द्यायची वेळ आली, तेव्हा 61 टक्केच.

आकार असा ज्याच्या त्याच्या मापाचा होत गेला. मात्रेचं काय? 2017 मध्ये फ्लोरिडाच्या मॉफिट कॅन्सर सेंटरमधल्या संशोधकांनी गाठीच्या जनुकांवरून तिची किरणांना दाद देण्याची क्षमता मोजून मात्रा ठरवण्याचं गणित मांडलं. स्कॅनवरून तोच अंदाज बांधणाऱ्या प्रणालीही आल्या. तरी आज एकाच टप्प्याच्या दोन रुग्णांना बहुतेक वेळा तीच मात्रा मिळते. घशाच्या कॅन्सरला साधारण 70 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). ती हलवणं किती जोखमीचं, हे नुकतंच दिसलं. पॅपिलोमा विषाणूमुळे होणारा घशाचा कॅन्सर किरणांना चांगली दाद देतो, म्हणून अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत निवडक रुग्णांना 70 ऐवजी 60 ग्रे देऊन पाहिले. आजार काबूत राहण्याचं प्रमाण 70 ग्रेच्या बरोबरीला आलं नाही. यंत्रानं आखलेली रेषा चुकली, तर डॉक्टर ती त्याच दिवशी पडद्यावर पाहून पुसू शकतो. कमी पडलेली मात्रा पडद्यावर दिसत नाही. ती कळते गाठ परतल्यावर.