जैवलयानुकूल एलईडी प्रकाशयोजना

दिवसा माणसाला तरतरीत ठेवील आणि रात्री त्याच्या झोपेच्या आड येणार नाही, अशा बेताने एलईडी दिव्यांचा वर्णपट, तीव्रता, जागा आणि वेळ ठरवण्याची पद्धत. बोलताना ती बहुधा ‘निळा प्रकाश कमी करणारे दिवे’ एवढ्यावरच आटोपते, पण ते अर्धे काम झाले. संध्याकाळी निळा अंश घटवणे जितके गरजेचे, तितकेच दिवसा तो भरपूर मिळवून देणेही गरजेचे असते, आणि चांगल्या योजनेची पारख याच दुसऱ्या भागात होते.

झोप-जाग, शरीराचे तापमान, संप्रेरकांचा स्राव यांची रोजची आवर्तने मेंदूच्या तळाशी असलेला हजारो चेतापेशींचा एक लहानसा पुंजका चालवतो. हेच शरीराचे जैविक घड्याळ. माणसात या घड्याळाचे आवर्तन सरासरीने 24 तासांहून किंचित मोठे असते. त्यामुळे ते रोज जुळवावे लागते, आणि जुळवणीचे मुख्य साधन म्हणजे डोळ्यात शिरणारा प्रकाश. सकाळच्या प्रकाशाने झोपेची वेळ अलीकडे येते, संध्याकाळच्या आणि रात्रीच्या प्रकाशाने ती लांबते. शिवाय रात्र झाल्याचा संकेत शरीराला देणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचा स्रावही रात्रीच्या प्रकाशाने दबतो. 1980 मध्ये माणसांवर झालेल्या प्रयोगात 2,500 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) प्रकाशाने तो दबला, 500 लक्सने दबला नाही. साहजिकच घरातल्या दिव्यांकडे कुणी संशयाने पाहिले नाही. पुढच्या प्रयोगांत मात्र खोलीतला नेहमीचा उजेडही त्यासाठी पुरतो असे दिसून आले.

हा प्रकाश डोळ्यात नेमके कोण टिपते, हे बराच काळ कोडेच होते. ज्यांना काहीही दिसत नाही अशा काही अंध व्यक्तींमध्येही तीव्र प्रकाशाने मेलाटोनिन दबते, हे 1995 मध्ये स्पष्ट झाले, म्हणजे पाहण्याच्या पेशींखेरीज दुसरी काही सोय असणार. 1998 मध्ये बेडकाच्या त्वचेतील रंगपेशींत मेलनॉप्सिन हे प्रकाशसंवेदी प्रथिन सापडले. ते धारण करणाऱ्या दृष्टिपटलातील (डोळ्याच्या मागच्या पडद्यातील) गुच्छिका पेशी, म्हणजे मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी, स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात, हे 2002 मध्ये सिद्ध झाले. मेलनॉप्सिनची संवेदनक्षमता 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाच्या आसपास सर्वाधिक असते. डोळ्याचे भिंग जो प्रकाश शोषून घेते तो जमेस धरला, तर हे शिखर 490 नॅनोमीटरकडे सरकते.

आता पांढरा एलईडी दिवा जवळून पाहू. त्याच्या आत पांढरा प्रकाश देणारे काहीच नसते. असते ती इंडियम गॅलियम नायट्राइडची निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा देणाऱ्या पदार्थाचा, थर. चिपमधून निघालेला सुमारे 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश काही प्रमाणात फॉस्फर शोषून घेतो आणि त्याचा पिवळा करून देतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरे दिसते. अशा दिव्याच्या वर्णपटात 450 ला टोकदार शिखर, 480 जवळ दरी आणि पुढे पिवळ्या-केशरी भागात रुंद उंचवटा दिसतो. मेलनॉप्सिन ज्याला सर्वाधिक दाद देते तो भाग नेमका दरीत पडतो. तरीही शेजारचे निळे शिखर त्याच्या संवेदन-कक्षेतच असल्याने परिणाम व्हायचा तो होतोच. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चे भौतिकीचे नोबेल मिळाले. आजची जवळजवळ सगळी पांढरी प्रकाशयोजना त्याच निळ्या चिपवर उभी आहे.

मोजमाप : खोक्यावर छापलेले रंगतापमान (2,700 केल्विन उबदार, 6,500 केल्विन थंड) ही या कामी ढोबळ खूण आहे, माप नव्हे. एकाच रंगाचे दिसणारे दोन दिवे मेलनॉप्सिनवर वेगवेगळा परिणाम करू शकतात. म्हणून आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने 2018 मध्ये सीआयई एस 026 हे मानक आणले. त्यात डोळ्यापाशी पडणारा प्रकाश मेलनॉप्सिनच्या संवेदनक्षमतेनुसार तोलून दिवसाच्या प्रमाण प्रकाशाशी ताडला जातो. येणारा आकडा मेलॅनोपिक लक्स म्हणून सांगतात. 2022 मध्ये तज्ज्ञांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या शिफारशी अशा : दिवसा किमान 250, झोपण्याआधीचे निदान तीन तास जास्तीत जास्त 10, आणि झोपेत जास्तीत जास्त 1.

हे आकडे वापरून पाहिले की उबदार दिव्याबद्दलचा भाबडा विश्वास टिकत नाही. 2,700 केल्विनच्या एलईडीचे मेलॅनोपिक गुणोत्तर, म्हणजे साध्या एका लक्समागे मिळणारे मेलॅनोपिक लक्स, साधारण 0.45 धरू. त्याचे डोळ्यापाशी 60 लक्स पडले, तर मेलॅनोपिक मूल्य 27 येते, म्हणजे संध्याकाळच्या मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त. उलट 6,500 केल्विनचा थंड दिवा 8 लक्सपर्यंत मंद केला, तर तो मर्यादेत बसतो. तेव्हा संध्याकाळी आधी उजेड उतरवावा आणि मग रंग बदलावा. दोन्ही केले तर उत्तमच. दिवसाचा हिशेब याच्या उलट. 0.6 गुणोत्तराच्या दिव्यांनी 250 गाठायचे तर डोळ्यापाशी 400 लक्सहून जास्त प्रकाश लागतो. टेबलावर 500 लक्स असलेल्या कार्यालयात समोर पाहणाऱ्या डोळ्यापर्यंत त्यातला पुष्कळ कमी भाग पोहोचतो. बाहेर ढगाळ आकाशाखालीही हजारो लक्स असतात. त्यामुळे खिडकीजवळची जागा महागड्या दिव्यांपेक्षा सरस ठरते, आणि योजनाकाराने पहिला विचार तिचाच करायला हवा.

रचना : सर्वांत रूढ उपाय म्हणजे एकाच दिव्यात उबदार आणि थंड अशा दोन जातीच्या एलईडी बसवून ड्रायव्हरने (दिव्याला वीज पुरवणाऱ्या आणि तिचे नियंत्रण करणाऱ्या मंडलाने) त्यांचे प्रमाण वेळेप्रमाणे बदलणे. याहून नेमके काम वर्णपट घडवून होते. दिवसासाठी 480 जवळची दरी भरून काढणारी निळी-हिरवी चिप जोडता येते. संध्याकाळसाठी निळ्याऐवजी सुमारे 405 ते 415 नॅनोमीटरची जांभळी चिप वापरून फॉस्फरकडून बाकीचे रंग मिळवता येतात, कारण त्या टोकाला मेलनॉप्सिन फारसे संवेदनशील नसते. निळा पूर्ण वगळून अंबर (पिवळट-केशरी) दिवेही करतात. त्यांच्याखाली निळे कापड काळसर दिसते आणि हिरवा मळतो, म्हणून ते रात्री वाट दाखवण्यापुरतेच बरे. उबदार छटेसाठी लागणारा रुंद लाल फॉस्फर काही ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात दवडतो. 630 नॅनोमीटरच्या आसपास अरुंद पट्ट्यात लाल प्रकाश देणाऱ्या मँगनीजयुक्त फ्लोराइड फॉस्फरने हे नुकसान बरेच घटले आहे.

मंद करण्याच्या पद्धतीकडे दुर्लक्ष झाले, तर सगळी मेहनत फुकट जाते. बरेच ड्रायव्हर प्रकाश कमी करताना एलईडी भराभर चालू-बंद करतात. ही वारंवारता कमी असेल तर दिवा मंद होताच लुकलुकतो, आणि काहींना डोकेदुखी होते. ते टाळण्यासाठी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘1789’ या 2015 च्या शिफारशी पाहाव्यात.

जागेचाही परिणाम होतो. दृष्टिपटलाच्या खालच्या भागावर पडणारा, म्हणजेच वरून येणारा प्रकाश मेलाटोनिन अधिक दाबतो. म्हणून दिवसा छत आणि भिंती उजळवणे फायद्याचे. संध्याकाळी छताचे दिवे मालवून डोळ्याच्या पातळीखाली, आडोसा असलेले दिवे लावावेत.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात सूर्योदय दिवसातून 16 वेळा होतो. तिथे 2016 पासून जुन्या फ्लुओरेसंट दिव्यांच्या जागी तीन स्थितींचे एलईडी बसवण्यात येऊ लागले : कामासाठी 4,500 केल्विन, सतर्कता वाढवण्यासाठी आणि झोपेची वेळ सरकवण्यासाठी 6,500 आणि झोपेपूर्वी 2,700.

निळ्या प्रकाशाने दृष्टिपटलाला इजा होण्याचा धोका हा वेगळा विषय आहे. त्याची तपासणी आयईसी 62471 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होते, आणि नेहमीच्या वापरात घरगुती पांढरे एलईडी ती मर्यादा ओलांडत नाहीत. जाहिरातींत हे दोन्ही विषय सर्रास एकत्र कालवले जातात.

सर्वांना एकच योजना लागू पडत नाही. वयाबरोबर भिंग पिवळट होते आणि निळा प्रकाश आत कमी जातो, त्यामुळे वृद्धांना दिवसा जास्त उजेड लागतो. संध्याकाळच्या प्रकाशाबाबत माणसामाणसांतील संवेदनशीलता 50 पटींहून अधिक बदलते, असे 2019 च्या एका अभ्यासात आढळले. म्हणून स्वयंचलित वेळापत्रकाबरोबर हाताने बदलण्याची सोय असावीच. रात्रपाळीचा प्रश्न अजून अवघड आहे, कारण जागे राहण्यासाठी लागणारा प्रकाशच तिथे घड्याळ बिघडवतो. दिवे निवडताना उत्पादकाकडून वर्णपटाचे आकडे मागून घ्यावेत. ते मिळाले की मेलॅनोपिक गुणोत्तर आयोगाने मोफत उपलब्ध केलेल्या गणनपत्रकात काढता येते.