हाइलकुंडे : धड करण्याची विद्या

'हाइलकुंडे' हे मराठी आडनाव वाटेल, पण तो जर्मन शब्द आहे. अर्थ, वैद्यक. तिकडच्या इस्पितळात डोळ्यांच्या विभागाला 'आउगेनहाइलकुंडे' म्हणतात, बालरोग विभागाला 'किंडरहाइलकुंडे'.

यातलं 'हाइल' मोठं मजेदार. मूळ अर्थ रोगाशी संबंधित नाहीच. अर्थ आहे अख्खं, न मोडलेलं. हातातून पडलेला कप फुटला नाही तर जर्मन माणूस आजही तो 'हाइल' राहिला म्हणतो. आपलं 'धड' असंच चालतं. कप धड आहे, माणूस धडधाकट आहे. इंग्रजीतले 'होल' (अख्खा), 'हील' आणि 'हेल्थ' याच कुळातले, आणि पवित्र या अर्थाचा जर्मन 'हाइलिश'ही. नाझींनी मात्र अभिवादनात वापरून हा शब्द असा नासवला, की त्यांची 'हाइल' घोषणा जाहीरपणे देणं आज जर्मनीत गुन्हा आहे.

'कुंडे' म्हणजे ज्ञान, आणि ते थेट आपल्या 'ज्ञा' धातूच्या नात्यातलं. दोन्ही भाषा जिच्यातून निघाल्या, त्या मूळ भाषेतला एक ध्वनी संस्कृतात 'ज' झाला, जर्मनमध्ये 'क'. म्हणून आपला जानु तिकडे 'क्नी' (गुडघा), आणि 'जन्' धातूचा भाऊबंद 'किंड' (मूल). व्यंजनांच्या अशा बदलांचे नियम याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडले. हो, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकीच तो.

बरं करणं म्हणजे धड करणं, ही कल्पना एका जुन्या जर्मन मंत्रात उघड दिसते. जर्मनीतल्या मेर्सेबुर्ग गावच्या ग्रंथालयात 1841 मध्ये दहाव्या शतकातलं हस्तलिखित सापडलं. त्यात शिंगराचा पाय मुरगळतो आणि वोडान देव मंत्र म्हणतो: हाडाला हाड, रक्ताला रक्त, अवयवाला अवयव, जणू चिकटवल्यासारखे. 1864 मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडालबर्ट कून यांनी त्याशेजारी अथर्ववेदातलं चौथ्या कांडातलं बारावं सूक्त ठेवलं. तिथे रोहणी वनस्पतीला विनवलंय: मज्जेशी मज्जा जुळो, चामड्याशी चामडं वाढो, मांसाशी मांस.

दोन्ही एकाच वारशातून आले का, यावर वाद आहे. मोडलेलं हाड पाहून असं मागणं कोणालाही सुचेल, असं मला वाटतं. पण वैदिक कवीची उपमा ऐका: ऋभू, म्हणजे देवांचा कारागीर, रथाचे भाग जोडतो, तसं सांध्याशी सांधा जुळू दे. जर्मन मंत्रात चिकटवणारा, इथे सुतार.