आयर्लंडच्या संसदेत मंत्र्याला प्रश्न: तुमचा विषय टीडींमार्फत कसा न्यायचा

आयर्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला हमखास मिळतो: "अर्ज अडकलाय? टीडीला सांग आणि पीक्यू टाकून घे." टीडी म्हणजे तिथले खासदार आणि पीक्यू म्हणजे संसदीय प्रश्न. सल्ला देणारे पुढचं सांगत नाहीत. प्रश्न कसा लिहायचा, सोबत काय द्यायचं, उत्तरातून काय मिळू शकतं, यातलं काहीच ठाऊक नसलं की हातात दोन परिच्छेदांचं ठरावीक उत्तर पडतं आणि माणूस हिरमुसतो. नेमका विचारलेला प्रश्न मात्र मंत्र्याला आकडे द्यायला लावतो, आणि ते आकडे सरकारी नोंदीत कायमचे राहतात. म्हणून ही प्रक्रिया नीट समजून घेण्यासारखी आहे.

प्रश्न कोण विचारू शकतं

फक्त टीडी, म्हणजे कनिष्ठ सभागृह 'डॉल'चे निवडून आलेले सदस्य. सामान्य माणसाला थेट प्रश्न दाखल करता येत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीपासून डॉलमध्ये १७४ सदस्य आहेत आणि मतदारसंघ ४३. आपल्याकडे एका मतदारसंघाला एकच आमदार असतो. तिथे प्रत्येक मतदारसंघातून तीन ते पाच टीडी निवडून येतात. तुमच्यासाठी ही मोठी सोय आहे, कारण तुमच्या भागात सत्ताधारी आणि विरोधी असे दोन्हीकडचे टीडी असण्याची शक्यता बरीच असते.

टीडी निवडताना एक गोष्ट आधी पाहा. मंत्री किंवा राज्यमंत्री असलेला टीडी असे प्रश्न टाकत नाही, कारण उत्तर देणाऱ्या बाकावर तो स्वतःच बसलेला असतो. तो फार तर सहकारी मंत्र्याला पत्र लिहील. प्रश्नच हवा असेल तर विरोधी पक्षाचा, अपक्ष किंवा सत्ताधारी पक्षाचा साधा सदस्य गाठा. वरिष्ठ सभागृहाचे, म्हणजे शॅनडचे, ६० सदस्यही पीक्यू टाकू शकत नाहीत. त्यांना कामकाजाच्या सुरुवातीला एखादा विषय मांडून मंत्र्याचं उत्तर मागता येतं.

तुम्ही पात्र आहात का

टीडींकडे जायला आयरिश नागरिकत्व लागत नाही, मतदार यादीत नाव असावं लागत नाही आणि शुल्कही नाही. डॉलच्या निवडणुकीत फक्त आयरिश आणि ब्रिटिश नागरिक मत देतात, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेल्यांना वाटतं, 'आपण मतदारच नाही, तर आपलं कोण ऐकणार?' हा संकोच सोडा. टीडींचं ऑफिस मतदारसंघात राहणाऱ्या प्रत्येकासाठी असतं. शिवाय स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नागरिकत्व कुठलंही असो, तिथे राहणारा अठरा वर्षांवरचा माणूस नाव नोंदवून मत देऊ शकतो, आणि स्थानिक पातळीवरची ती मतं पक्षांना मोलाची असतात.

प्रश्न टाकून देतो म्हणून कुणी कन्सल्टंट पैसे मागत असेल तर देऊ नका. टीडींचं हे रोजचं काम आहे आणि ते मोफत आहे.

महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेला सामूहिक विषय न्यायचा असेल तर २०१५ चा लॉबिंग नियमन कायदा लक्षात ठेवावा. स्वतःच्या कामासाठी टीडींना भेटणाऱ्या व्यक्तीला सहसा नोंदणी करावी लागत नाही; जमिनीचं झोनिंग किंवा विकास हा विषय वेगळा. पगारी कर्मचारी असलेल्या संस्थेने धोरणात बदल मागितला तर मात्र नोंदणी लागू शकते. निव्वळ स्वयंसेवकांवर चालणाऱ्या मंडळांना सहसा ही अडचण येत नाही.

प्रश्नांचे प्रकार

विधानसभेतले तारांकित आणि अतारांकित प्रश्न माहीत असतील तर हे चटकन कळेल. तोंडी प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात उभं राहून देतात, लेखी प्रश्नाचं उत्तर कागदावर येतं. तोंडी प्रश्नाची सूचना साधारण चार दिवस आधी द्यावी लागते, लेखी प्रश्नाची तीन दिवस आधी. मंत्र्यांची पाळी ठरलेली असते, त्यामुळे एका खात्याला तोंडी प्रश्न विचारायची संधी काही आठवड्यांनी येते. त्यातही सामान्य तोंडी प्रश्नांचा क्रम सोडतीने ठरतो. सभागृहातल्या पक्षगटांनी दिलेले प्राधान्य प्रश्न आधी घेतले जातात.

तोंडी प्रश्नाला साडेसहा मिनिटं मिळतात. टीडीला मांडणीसाठी अर्धा मिनिट, मंत्र्याला उत्तरासाठी दोन मिनिटं, मग दोघांना आलटून पालटून एकेक मिनिट, दोनदा. खरी चकमक होते ती या एकेक मिनिटांत. तयार उत्तर वाचून झालेलं असतं आणि पुरवणी प्रश्नाला मंत्र्याला स्वतःच्या शब्दांत बोलावं लागतं. पंतप्रधानही यातून सुटत नाहीत. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी वडिलांकडून नातं असलेले लिओ वराडकर दोनदा पंतप्रधान होते, पहिल्यांदा २०१७ ते २०२० आणि नंतर डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४. त्या काळात मंगळवारी आणि बुधवारी पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांत त्यांनाही उभं राहावं लागे.

तुमच्या कामासाठी मात्र लेखी प्रश्नच बरा. त्यात सोडत नाही, वेळेची मर्यादा नाही, आणि आकडेवारी तक्त्यात मिळते. सभागृह साधारणपणे मंगळवार ते गुरुवार बसतं. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत उन्हाळी सुट्टी असते आणि त्या काळात मोजके ठरलेले दिवस सोडले तर प्रश्न घेतले जात नाहीत. म्हणून जूनमध्येच हालचाल करा.

प्रश्न नेमका लिहा

अनेक जणांचं इथेच चुकतं. 'माझा अर्ज इतका का रखडला?' असा प्रश्न गेला की ठरलेलं उत्तर येतं: अर्जावर प्रक्रिया चालू आहे, प्रत्येक अर्ज त्याच्या गुणदोषांवर तपासला जातो, आणि वैयक्तिक प्रकरणांची चौकशी संसद सदस्यांनी त्यासाठी खास ठेवलेल्या ईमेल सुविधेतून करावी. न्याय खात्याच्या उत्तरांच्या शेवटी हा परिच्छेद वर्षानुवर्षं येतो आहे. त्यामुळे वैयक्तिक फाइलची चौकशी असेल तर टीडींना पीक्यूऐवजी आधी तो ईमेलच करायला सांगा. प्रश्न टाकल्याने तुमची फाइल रांगेत पुढे सरकत नाही, हे मनाशी पक्कं असू द्या.

पीक्यूची ताकद धोरणाबद्दलच्या प्रश्नात आहे. नमुना म्हणून हा मजकूर बघा: "अमुक प्रकारचे किती अर्ज गेल्या तीन वर्षांत दरवर्षी आले, किती निकाली निघाले, किती प्रलंबित आहेत, निर्णयाला लागणारा मध्यक कालावधी किती, हे तक्त्याच्या स्वरूपात सांगाल का, विलंब कमी करण्यासाठी किती कर्मचारी नेमले, आणि या विषयावर मंत्री निवेदन करतील का?" शेवटचं वाक्य तिथल्या प्रश्नांची रूढ अखेर आहे. सरासरी न मागता मध्यक, म्हणजे कालावधी चढत्या क्रमाने लावल्यावर नेमका मधे येणारा आकडा, मागा, कारण सरासरीत फार जुने आणि फार नवे अर्ज मिसळून खरं चित्र झाकलं जातं. 'प्रलंबित' म्हणजे कुठल्या तारखेपासून तेही लिहा. पळवाट जितकी कमी ठेवाल तितकं उत्तर कामाचं.

लिहिण्याआधी संसदेच्या संकेतस्थळावर विषय शोधा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर अलीकडेच दिलेलं असेल तर पुन्हा विचारलेला प्रश्न नामंजूर होऊ शकतो. न्यायप्रविष्ट बाब किंवा मंत्र्याच्या जबाबदारीबाहेरचा विषयही नाकारला जातो. याचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांचा. डिसेंबर २०२४ पासून त्या खुर्चीवर व्हेरोना मर्फी आहेत, या पदावर निवडून आलेल्या पहिल्या महिला. चुकीच्या मंत्र्याला प्रश्न गेला तर तो दुसऱ्या खात्याकडे वर्ग होतो, म्हणून खातं आधी तपासा. वर्क परमिट एका खात्याचं, व्हिसा आणि नागरिकत्व दुसऱ्या खात्याचं, ही गल्लत नेहमी होते. आरोग्यसेवेच्या कामकाजाचा प्रश्न असेल तर मंत्री बहुधा तो एचएसईकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्थेकडे, पाठवतात आणि उत्तर थेट टीडींना मिळतं. ते सभागृहाच्या दैनंदिन नोंदीत दिसत नाही, तेव्हा टीडींच्या ऑफिसकडून मागून घ्या.

सोबत काय न्यायचं

धोरणाच्या प्रश्नाला कागद लागत नाहीत, एका पानाची पार्श्वभूमी पुरे. वैयक्तिक प्रकरणासाठी मात्र हे हाताशी ठेवा: राहत्या पत्त्याचा एअरकोड (तिथला पिनकोड), अर्जाचा संदर्भ क्रमांक, अर्ज केल्याची तारीख, खात्याशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती, आणि तुमच्या वतीने चौकशी करायला परवानगी देणारं सहीचं पत्र. बायको, नवरा किंवा आईवडिलांचं प्रकरण असेल तर परवानगी त्या व्यक्तीची हवी. डेटा संरक्षणाचे नियम कडक आहेत आणि लेखी संमती नसली की खातं टीडींनाही माहिती देत नाही. मूळ पासपोर्ट किंवा मूळ कागद कुणाकडे देऊ नका. पीपीएस क्रमांक, म्हणजे सरकारी कामांसाठीचा तुमचा वैयक्तिक क्रमांक, मागितला तरच द्या.

नाव जगजाहीर होईल अशी भीती अनेकांना असते. छापील प्रश्नात नाव येत नाही. तिथे एवढंच छापतात: 'एक व्यक्ती (तपशील सोबत दिला आहे)'. नाव आणि संदर्भ क्रमांक वेगळे, फक्त खात्याला कळवले जातात. तुमची केस खासगी राहते.

टीडींना गाठायचं तर मतदारसंघातल्या त्यांच्या 'क्लिनिक'ला जा. आठवड्यातल्या ठरलेल्या वेळी लोकांना भेटायची ती जागा. ईमेलही चालतो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा प्रत्यक्ष जावं आणि प्रश्नाचा मसुदा लिहूनच न्यावा. तिथले सहायक रोज ढीगभर कामं उपसतात. आयता मसुदा दिला की तुमचा विषय त्याच दिवशी पुढे जाण्याची शक्यता वाढते.

उत्तर मोघम आलं तर

हे होतं, आणि याचा इतिहास मोठा आहे. गोमांस उद्योगातल्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी १९९१ मध्ये नेमलेल्या न्यायाधिकरणाचे प्रमुख न्यायमूर्ती लियम हॅमिल्टन सुनावणीत म्हणाले होते की संसदेतल्या प्रश्नांना इथल्यासारखी उत्तरं मिळाली असती तर या चौकशीची गरजच पडली नसती. पुढे १९९७ मध्ये देशाला माहिती अधिकार कायदा मिळाला.

संसदीय प्रश्न आणि माहिती अधिकार हे दोन्ही मार्ग एकत्र वापरले की काय घडतं, याचं उदाहरण किल्डेअर नॉर्थच्या तेव्हाच्या अपक्ष टीडी कॅथरीन मर्फी यांनी घालून दिलं. २०१२ मध्ये साइटसर्व्ह ही कंपनी विकली गेली, तेव्हा सरकारी मालकीच्या आयबीआरसी बँकेने तिच्यावरचं दहा कोटी युरोंहून अधिक कर्ज सोडून दिलं. मर्फी यांनी अर्थमंत्री मायकल नूनन यांना त्यावर प्रश्नामागून प्रश्न विचारले. एप्रिल २०१५ मध्ये माहिती अधिकारात कागदपत्रं बाहेर आली आणि त्याच वर्षी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

तुम्हीही हेच करू शकता. मोघम उत्तरातलं नेमकं न दिलेलं उत्तर शोधा आणि तेवढ्यापुरता पुढचा प्रश्न टीडींना लिहून द्या. सोबत २०१४ च्या कायद्याखाली त्याच खात्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला शुल्क नाही आणि साधारण चार आठवड्यांत निर्णय यायला हवा. निर्णय पटला नाही तर खात्यांतर्गत पुनर्विलोकनासाठी ३० युरो आणि माहिती आयुक्तांकडे अपिलासाठी ५० युरो लागतात. स्वतःबद्दलची वैयक्तिक माहिती मागत असाल तर हे शुल्क नाही. लोकपालांकडची तक्रार मोफत असली तरी इमिग्रेशन आणि नागरिकत्वाचे निर्णय त्यांच्या कक्षेत येत नाहीत, तेव्हा त्या विषयांसाठी टीडी आणि माहिती अधिकार हीच दोन दारं ठोठवा.