अक्षरसंचावरून इंग्रजी शब्दशोध

दिलेल्या रोमन अक्षरांपासून बनणारे, किंवा ती अक्षरे ज्यांत येतात असे, इंग्रजी शब्द हुडकून काढणे. शब्दकोडी, स्क्रॅबल, शाळेतला फळ्यावरचा खेळ आणि प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांचा सराव अशा अनेक ठिकाणी हा प्रकार भेटतो.

प्रश्न सोपा वाटतो, पण तो चार तऱ्हांनी विचारला जातो आणि निम्मे वाद तिथेच होतात. गोव्याच्या इंग्रजी नावातली जी, ओ, ए ही तीन अक्षरे घेऊ. फक्त एवढ्याच अक्षरांतून शब्द करायचा असेल तर ‘गो’ आणि ‘अगो’ हाती लागतात. ही तिन्ही असावीत, सोबत इतर कितीही चालतील, असे म्हटले की ‘मँगो’, ‘कार्गो’, ‘ऑर्गन’, ‘ड्रॅगन’ आत येतात. तिन्ही त्याच क्रमाने आणि सलग हवी असतील तर ‘गोट’ आणि ‘गोल’ उरतात. फुटबॉलवेड्या गोव्यात हा दुसरा शब्द कुणाला सांगावा लागत नाही. क्रम तोच, पण मध्ये दुसरी अक्षरे चालतील अशी सूट दिली, तर ‘गोरिला’ आणि ‘गोंडोला’ही बसतात. कोडे घालणाऱ्याने यांतले काय हवे ते आधी सांगावे. एकच अक्षर दोनदा वापरता येते का, हेही.

मराठी माणसाला हा खेळ सुरुवातीला जड जातो, त्याचे कारण शब्दसंग्रहात नाही. आपले अक्षर स्वर पोटात घेऊन येते. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते, कारण तिथे ‘मा’ अख्खा फिरतो. त्याचा काना वेगळा काढून दुसऱ्याला लावायचा विचारही मनात येत नाही. इंग्रजीत नेमके तेच करावे लागते. शिवाय आपण शब्द कानाने शोधतो. फेणीच्या रोमन स्पेलिंगमधली चार अक्षरे हलवली की ‘फाइन’ तयार होतो, पण उच्चारावर विसंबणाऱ्याला तो दिसणार नाही.

गोव्यात या अडचणीला आणखी एक पदर आहे. इथे रोमन अक्षरे इंग्रजीच्या आधी पोर्तुगिजांबरोबर आली. १५५६ मध्ये जुन्या गोव्यात छापखाना सुरू झाला. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्लिश जेझुइट मिशनरी थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेही रोमन अक्षरांतच. गावांची इंग्रजी स्पेलिंगे अजून त्याच वळणाची आहेत. केपे क्यूने सुरू होते, डिचोली बीने, आणि सांखळीत ‘ख’चा आवाज क्यू-यू या जोडीकडे सोपवलेला आहे. बसच्या पाटीवर आपण बोलतो ते गाव एक आणि लिहिलेले दुसरेच. शब्दशोधासाठी मात्र ही पाटी उत्तम. मडगावच्या स्पेलिंगमधून एक जी काढला की उरलेल्या अक्षरांत ‘अरोमा’ सापडतो. वाळपईतून पी वगळला तर ‘व्हायोला’ हे वाद्य. पणजीतून आय काढला तर जपान, पण विशेषनामे बहुतेक खेळांत बाद धरतात.

गोव्यातल्या साष्टी तालुक्याचे स्पेलिंग सात अक्षरी आहे: एस, ए, एल, सी, ई, टी, ई. त्यात दोन ई असल्याने सातही अक्षरांच्या २५२० मांडण्या होतात. सगळी वेगवेगळी असती तर ५०४० झाल्या असत्या. एवढ्या कोणी लिहून पाहत नाही. अनुभवी खेळाडू अक्षरे ओळीत न मांडता वर्तुळात लिहितात, म्हणजे मूळ शब्दाची पकड सुटते. मग इंग्रजीत नेहमी एकत्र येणाऱ्या जोड्या जुळवतात: एस-टी, सी-एच, क्यू-यू, शेवटी आयएनजी, ईडी, ईआर किंवा एलई बसते का ते पाहतात. साष्टीत एस-टी आणि एलई जुळवले की ‘कॅसल’ समोर येतो. त्यातला टी मूक असल्याने कान तो सुचवत नाही, डोळ्यालाच हेरावा लागतो. ए बाजूला ठेवून दोन्ही ई वापरले तर ‘सिलेक्ट’. ‘स्टील’, ‘लेस’, ‘सीट’ हे तर किरकोळ.

संगणक अशी जोडाजोड करत नाही. त्याची युक्ती अगदी घरगुती आहे: प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमे लावून त्याची एक किल्ली करायची. ‘स्टॉप’, ‘पोस्ट’, ‘स्पॉट’, ‘टॉप्स’, ‘पॉट्स’, ‘ऑप्ट्स’ या सहाही शब्दांची किल्ली ओ-पी-एस-टी हीच. शब्दसूची एकदा अशी बांधून ठेवली की दिलेल्या अक्षरांची किल्ली करून तो कप्पा उघडायचा, बस्स. ‘अगो’ची किल्ली म्हणजे तो शब्दच, कारण त्याची अक्षरे आधीच क्रमाने आहेत. काही अक्षरे वगळून बनणारे छोटे शब्द हवे असतील तर किल्लीऐवजी मोजणी लागते: शब्दातले प्रत्येक अक्षर संचात आहे तेवढ्याच वेळा किंवा त्याहून कमी वेळा आले आहे ना. इथे मोजणी विसरून नुसती हजेरी घेतली, तर संचात ओ एकच असूनही ‘गूगल’सारखे शब्द घुसतात. नवशिक्या प्रोग्रॅमरची ही ठरलेली चूक.

अक्षरांची वारंवारता मोजण्याचे काम स्क्रॅबलपेक्षा जुने आहे. मोर्सच्या संकेतलिपीसाठी मुद्रकाच्या खणांतले छपाईचे खिळे मोजले, तेव्हा ईचे १२,००० आणि झेडचे २०० भरले. अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३०च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून जो खेळ रचला, तो १९४८ मध्ये ‘स्क्रॅबल’ झाला. त्यात अक्षरांच्या १०० सोंगट्या, पैकी दोन कोऱ्या. ईच्या १२, क्यू आणि झेडची एकेकच, पण १० गुणांची. हातातल्या सातही एकदम लावल्या तर ५० गुण जास्तीचे.

विशेषनामांना स्क्रॅबलमध्ये मनाई असली तरी जी-ओ-ए लावता येते आणि चार गुण मिळतात. तिबेटच्या पठारावरच्या एका लहान कुरंगाला इंग्रजीत ‘गोआ’ म्हणतात. शब्दसूचीत आहे तो त्याच्या नावाने.